ट्रॅक्टरची सीट आणि चालकाची पाठ

बैलांच्या नांगराने एक एकर जमीन नांगरावयाची म्हणजे शेतकऱ्यास किती चालावे लागे, ह्याचा हिशेब सोपा आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. नांगराचे तास २० सेंटिमीटर रुंद पडते असे धरले, तर एक एकर पुरा होईपर्यंत नांगऱ्याची सुमारे २० किलोमीटर चाल होते. ट्रॅक्टरने ही पायपीट थांबविली. परंतु श्रम संपले असे मात्र झाले नाही. जे श्रम पूर्वी पायांना पडत, ते आता पाठीच्या कण्यास पडू लागले आहेत, आणि ते चटकन दिसून येत नाहीत. हंगामात दहा-बारा तास ट्रॅक्टर चालविणारा तरुण रात्री कंबर धरून बसतो, तेव्हा घरातील मंडळी त्यास थकवा समजतात. वर्षानुवर्षे असे झाले म्हणजे हाच थकवा कायमच्या दुखण्याचे रूप घेऊ शकतो.

भारतात १९५९ साली फरिदाबाद येथे आयशरचा देशी बनावटीचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. त्या काळातील बहुतेक ट्रॅक्टरांस पत्र्याची, परातीसारख्या आकाराची सीट एका पोलादी पट्टीवर बसविलेली असे. आज स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, मागे-पुढे सरकण्याची सोय आणि पाठ टेकण्याची जागा असलेल्या सीटा मिळतात. तथापि चांगली सीट असूनही ती आपल्या शरीरास जुळवून घेतलेली नाही, किंवा तिचा शॉक ॲब्सॉर्बर निकामी झालेला आहे, असे ट्रॅक्टर खेडोपाडी पुष्कळ आढळतात. म्हणून ह्या लेखात सीटचे कार्य कसे चालते, ती कशी तपासावी, कशी जुळवावी आणि थोड्या खर्चात तीत कोणत्या सुधारणा करता येतील, ह्याची माहिती दिली आहे.

धक्के येतात कोठून?

मोटारगाडीच्या चाकांवर स्प्रिंगा असतात. सर्वसाधारण शेती-ट्रॅक्टरच्या मागील आसास अशा स्प्रिंगा नसतात. आस थेट सांगाड्यास जोडलेला असतो, कारण जड अवजारे ओढताना व उचलताना तो पक्का असणे जरूर असते. म्हणून जमीन व चालक ह्यांच्यामध्ये लवचिक अशा दोनच वस्तू उरतात. एक टायर आणि दुसरी सीट. टायरमधील हवा स्प्रिंगसारखे काम करते, पण हेलकावा जिरविण्याची शक्ती टायरात फारच थोडी असते. त्यामुळे ढेकळांवरून किंवा गाडीवाटेच्या चाकोऱ्यांतून जाताना सबंध ट्रॅक्टर टायरांवर नाचू लागतो. हे हेलकावे मुख्यत्वे दर सेकंदास सुमारे २ ते ४ इतके असतात.

प्रत्येक लवचिक वस्तूची डोलण्याची आपली अशी एक गती असते. झोपाळ्यास त्याच्याच गतीने झोके दिले म्हणजे थोड्या जोराने तो उंच जातो, हे सर्वांस ठाऊक आहे. बसलेल्या माणसाचा कणा व पोटातील अवयव ह्यांची खाली-वर हलण्याची स्वाभाविक गती दर सेकंदास सुमारे ४ ते ६ हेलकावे इतकी आहे. ट्रॅक्टरच्या हेलकाव्यांची गती तिच्या अगदी जवळ येते. त्यामुळे ट्रॅक्टरचा धक्का शरीरात विरून न जाता पुष्कळदा वाढतो. ट्रॅक्टर-चालकाच्या पाठदुखीचे हे एक मुख्य कारण होय.

पाठीवर होणारा परिणाम

पाठीच्या कण्यातील मणक्यांच्या दरम्यान कूर्चेच्या लवचिक चकत्या असतात. लोक त्यांस मणक्यांमधील गादी म्हणतात. स्वीडनमधील डॉ. नाखेमसन ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात ह्या गादीवर पडणारा दाब प्रत्यक्ष मोजला. आधाराशिवाय बसले असता हा दाब उभे राहण्यापेक्षा अधिक असतो व पुढे वाकून बसल्यास तो आणखी वाढतो, असे त्यांस आढळले. पाठ किंचित मागे टेकून, कंबरेस आधार देऊन बसल्यास दाब कमी होतो, हेही पुढील मोजणीत दिसून आले.

आता ट्रॅक्टर-चालक कसा बसतो ते पाहा. सीट फार मागे असल्यामुळे क्लच दाबताना तो पुढे सरकतो, म्हणजे पाठीचा आधार सुटतो. नांगराकडे किंवा रोटाव्हेटरकडे पाहण्यासाठी तो वारंवार अंग पिळून मागे वळतो. अशा पिळलेल्या स्थितीतच खालून धक्का येतो. आधार नसलेला कणा, पिळलेली कंबर आणि सततचे हेलकावे अशा तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अपाय अधिक होतो.

धक्क्यांचा शरीरावरील परिणाम कसा मोजावा, ह्याविषयी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७४ साली २६३१ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी मर्यादा घालून दिल्या. आठ तासांच्या कामाच्या हिशेबाने सरासरी कंप ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ह्याहून अधिक झाल्यास मालकाने उपाय योजले पाहिजेत, आणि १.१५ ह्याच्या वर तो जाताच कामा नये, असा तो नियम आहे. खडबडीत रानात किंवा खराब रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या ट्रॅक्टरवर पहिली मर्यादा सहज ओलांडली जाते.

नुसती जाड गादी पुरेशी का नाही?

सीट कडक वाटली म्हणजे तिच्यावर घडी घातलेली गोधडी, गोणपाट किंवा फोमचा तुकडा टाकण्याची पद्धत आहे. त्यामुळे हाडांना रुतणे कमी होते, हे खरे. पण ट्रॅक्टरचे हेलकावे त्यामुळे कमी होत नाहीत. ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

साधी गादी किंवा पट्टी-स्प्रिंग चालकाच्या वजनाने किती दबते, ह्यावर तिची डोलण्याची गती अवलंबून असते. जितकी अधिक दबेल तितकी ती सावकाश डोलते. हिशेबाने हे प्रमाण पुढीलप्रमाणे येते :

२.५ सें.मी. दबणारी : दर सेकंदास सुमारे ३.२ हेलकावे
५ सें.मी. दबणारी : सुमारे २.२ हेलकावे
१० सें.मी. दबणारी : सुमारे १.६ हेलकावे
१५ सें.मी. दबणारी : सुमारे १.३ हेलकावे

येथे आणखी एक नियम लक्षात ठेवावा. कोणतीही स्प्रिंग आपल्या स्वाभाविक गतीच्या सुमारे १.४ पटीहून जलद येणारे धक्केच अडवू शकते; त्याखालचे धक्के ती उलट वाढविते. म्हणजे २.५ सें.मी. दबणारी गादी दर सेकंदास ४.५ हून जलद धक्के अडवील. परंतु ट्रॅक्टरचे २ ते ४ हेलकावे तिच्यामुळे कमी होण्याऐवजी वाढतील. हेच काम १० सें.मी. दबणाऱ्या स्प्रिंगला सोपविले, तर २.२ च्या पुढील सर्व हेलकावे कमी होऊ लागतात. फोमची गादी इतकी खोल दबेल अशी करता येत नाही, कारण तीवर बसणारा डगमगू लागेल. म्हणून गादीच्या खाली स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर असलेली चौकट हवी. गादीने अंगाचा भार सर्वत्र सारखा वाटावा, स्प्रिंगने हेलकावा झेलावा आणि शॉक ॲब्सॉर्बरने तो जिरवावा, अशी ही कामाची वाटणी आहे.

अशा चौकटीतील स्प्रिंगेस अगोदरच ताण दिलेला असतो. त्यामुळे चालक बसल्यावर सीट फार खाली जात नाही, तरीही ती मऊपणे डोलते. हा ताण चालकाच्या वजनाप्रमाणे कमी-अधिक करण्यासाठी सीटखाली किंवा पाठीमागे एक मूठ दिलेली असते. ह्या मुठीस अनेक ट्रॅक्टरांवर वर्षानुवर्षे कोणी हातही लावलेला नसतो.

सीटची तपासणी

हंगाम सुरू होण्यापूर्वी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद करून व हँडब्रेक लावून पुढील तपासणी करावी.

१. सीटवर दोन्ही हातांनी जोराने दाब देऊन एकदम सोडावे. ती वर येऊन एका हेलकाव्यात स्थिर झाली पाहिजे. दोन-तीन वेळा खाली-वर नाचली, तर शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला असे समजावे. त्याच्यावर तेल पाझरलेले दिसले, तरीही तो बदलावा.

२. सीटच्या कडा धरून ती आडवी हलवून पाहावी. चौकटीच्या सांध्यांतील बुश झिजले असल्यास सीट डोलते व खडखडते. अशी सीट चालकाचे अंग बाजूस फेकते.

३. सरकपट्टीत माती व जुने ग्रीस साचून ती अडकली आहे काय, आणि खटका प्रत्येक खाचेत पुरा बसतो काय, हे पाहावे. अर्धवट बसलेला खटका चढावर सुटला तर चालक पायापासून दूर मागे जातो व ब्रेक हुकतो. ही गोष्ट प्राणावर बेतणारी आहे.

४. स्प्रिंग तुटली आहे काय, चौकटीस चीर पडली आहे काय आणि खालच्या टोकाची रबरी गोटी जागेवर आहे काय, हे पाहावे. ही गोटी नसल्यास सीट लोखंडावर आपटते व तो आघात थेट कण्यात जातो.

५. सीटचे सर्व बोल्ट पान्याने आवळावे. तुटलेल्या बोल्टच्या जागी त्याच मापाचा व त्याच ताकदीचा बोल्ट घालावा. बाजारातील हलका बोल्ट येथे वापरू नये.

सीट आपल्या शरीरास जुळविणे

जुळवणीचा क्रम महत्त्वाचा आहे. तो चुकल्यास एक गोष्ट नीट करताना दुसरी बिघडते.

प्रथम वजन. चालकाने नेहमीप्रमाणे बसावे. सीटची खाली-वर होण्याची एकंदर जागा किती आहे ते पाहून, सीट तिच्या मध्यावर येईपर्यंत मूठ फिरवावी. मुठीजवळ किलोग्रॅमचे आकडे असल्यास त्यांचा उपयोग करावा. एका घरात ५५ किलोचा मुलगा व ८५ किलोचे वडील आळीपाळीने ट्रॅक्टर चालवीत असतील, तर प्रत्येक वेळी मूठ फिरविली पाहिजे. वडिलांसाठी लावलेली सीट मुलास दगडासारखी वाटेल, कारण ती वरच्या टोकासच अडून राहील. मुलासाठी लावलेली सीट वडिलांच्या वजनाने तळाशी आपटेल.

दुसरे, मागे-पुढे अंतर. पाठ मागील आधारास टेकलेली ठेवून क्लच शेवटपर्यंत दाबावा. त्या वेळी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल किंवा कंबर पुढे सरकत असेल, तर सीट पुढे घ्यावी.

तिसरे, उंची. टाच सहज टेकली पाहिजे आणि मांडीखाली सीटची कड रुतता कामा नये. सीटची पुढील कड व गुडघ्याची लवण ह्यांत तीन-चार बोटांचे अंतर असावे. कड रुतल्यास पायास मुंग्या येतात. ठेंगण्या बांध्याच्या चालकास सीट खोल वाटत असेल, तर पाठीमागे पातळ गादी लावून ती खोली कमी करावी.

चौथे, पाठीचा आधार. तो अगदी सरळ उभा नसावा, किंचित मागे झुकलेला असावा. आधाराचा फुगीर भाग कमरपट्ट्याच्या उंचीवर, कंबरेच्या नैसर्गिक पोकळीत आला पाहिजे. तो खांद्यापर्यंत उंच नसला तरी चालेल, कारण फार उंच पाठ मागे वळून पाहण्यास अडचण करते.

थोड्या खर्चातील सुधारणा

कंबरेचा आधार. सीटला असा फुगीर भाग नसल्यास जुन्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती कापडी पिशवीत शिवावी व दोन पट्ट्यांनी पाठीस बांधावी. बसल्यावर दबून तिची जाडी ४ ते ५ सें.मी. राहावी. पट्ट्या असल्यामुळे ती वर-खाली सरकवून प्रत्येक चालकास आपल्यापुरती जुळविता येते.

गादी. गादी बसकी झाली असल्यास तळाशी दाट फोम किंवा रबर लावलेल्या काथ्याचा थर व वर मऊ फोमचा पातळ थर अशी रचना करावी. सर्व मऊ फोम वापरल्यास माणूस तळाशी बसतो व त्यास लोखंड लागते. गादीची एकंदर जाडी ५ ते ६ सें.मी. हून अधिक करू नये, नाहीतर सीट उंच होऊन पाय पेडलांस पुरत नाहीत. गादी सीटला पक्की बांधलेली असावी. सुटी गादी घसरते व चालकासही घसरविते.

आवरण. रेक्झिन उन्हात तापते व त्याखाली घाम जिरत नाही. त्यावर जाड सुती कापडाची धुता येण्याजोगी खोळ घालावी. तळाच्या पत्र्यास पाणी निघून जाण्यासाठी भोके आहेत काय ते पाहावे. ट्रॅक्टर उभा असताना सीटवर ताडपत्रीचा तुकडा झाकावा, म्हणजे ऊन-पावसाने आवरण फाटणार नाही व फोम भिजणार नाही.

आरसे. दोन्ही बाजूंस मोठे आरसे लावल्यास दर वेळी अंग पिळून मागे पाहावे लागत नाही. अवजाराकडे वळून पाहणे जरूरच असते तेव्हा केवळ मान न वळविता, एक पाय किंचित मागे घेऊन सबंध धड वळवावे. उसाची ट्रॉली ओढणाऱ्यांस आरसे वाहतुकीच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहेत.

जुन्या ट्रॅक्टरास नवी सीट

पट्टी-स्प्रिंगवरील जुनी सीट काढून चौकटीची सीट बसविणे हा सर्वांत चांगला उपाय होय. खरेदीपूर्वी चार मापे घ्यावी : बोल्टांच्या भोकांमधील लांबी व रुंदी, सीटच्या तळाची उंची, दोन मडगार्डांमधील जागा आणि स्टेअरिंगपर्यंतचे अंतर. नवी सीट खालच्या टोकापर्यंत दबल्यावरही लिफ्टच्या दांड्यास लागता कामा नये व वरच्या टोकास गेल्यावर चालकाचे डोके छतास लागता कामा नये. भोके जुळत नसल्यास मध्ये जाड पोलादी पट्टी घालावी. गिअरपेटीच्या किंवा लिफ्टच्या ओतीव पेटीस नवीन भोक पाडू नये. वेल्डिंग करावे लागल्यास सुटा भाग काढून नेऊन कारागिराकडून करावे.

नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी अश्वशक्ती व डिझेलचा खर्च ह्यांबरोबर सीटचीही चौकशी करावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांची चाचणी घेते व त्या अहवालात कंपाची मोजणीही दिलेली असते. विक्रेत्याकडून हा अहवाल मागून पाहावा. ट्रॅक्टर घेण्यापूर्वी जो तो रोज चालविणार आहे त्यास सीटवर बसवून, तीत त्याचे वजन व उंची जुळविता येते काय, हे प्रत्यक्ष पाहावे.

टाळावयाच्या गोष्टी

सीट कितीही चांगली असली तरी ती एका माणसासाठी आहे. मडगार्डवर माणसे बसविणे अत्यंत धोक्याचे आहे. ट्रॅक्टर उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी मजबूत पोलादी चौकट बसविलेली असेल, तर सीटचा पट्टा नेहमी बांधावा. चौकटीचा उपयोग पट्ट्यावाचून होत नाही. अशी चौकट नसेल तर पट्टा बांधू नये, कारण ट्रॅक्टर उलटताना चालक खाली अडकून पडेल. ऊन अडविणारे साधे छत म्हणजे संरक्षक चौकट नव्हे, हे विसरू नये.

सीटखेरीज इतर उपाय

टायरमधील हवा हाही सीटचाच एक भाग मानावा. शेतात व रस्त्यावर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा ठेवावी. रस्त्यावरील जास्त हवा तशीच ठेवून रानात उतरल्यास धक्केही वाढतात व चाकही घसरते. खराब वाटेवर वेग कमी करावा. गाडीवाटेतील खड्डे हंगामापूर्वी मुरूम टाकून बुजविणे, हे काम चार शेजाऱ्यांनी मिळून केल्यास सर्वांच्या पाठी वाचतील.

दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटे खाली उतरून चालावे. उतरताना उडी मारू नये, पायरीवर पाय ठेवून ट्रॅक्टरकडे तोंड करून उतरावे. बराच वेळ बसून आल्यावर लगेच खताचे पोते उचलू नये. मणक्यांमधील गादी त्या वेळी दमलेली असते, म्हणून पाच-दहा मिनिटे हिंडून मगच ओझ्यास हात घालावा. कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या चालकांस रांगेत तासन्‌तास थांबावे लागते. त्या वेळी सीटवरच वाकून झोपण्यापेक्षा खाली उतरून सपाट जागी, पण वाहनांच्या वाटेपासून दूर, पाठ टेकावी.

कंबरेचे दुखणे गुडघ्याखाली पायात उतरू लागले, पाय बधिर झाला किंवा त्यातील शक्ती कमी वाटली, तर चोळत न बसता डॉक्टरांकडे जावे. लघवी किंवा शौच ह्यांवरील ताबा सुटत आहे असे वाटल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी झालेला उशीर कायमचे अपंगत्व आणू शकतो.

जे शेतकरी पगारी चालक ठेवतात, त्यांनी सीटकडे अधिक लक्ष देणे जरूर आहे. चालक आपण होऊन बहुधा तक्रार करीत नाही, मालकाने विचारावे. इंजिनाचे तेल आपण ठराविक तासांनी न चुकता बदलतो. त्याच दिवशी सीटच्या सरकपट्टीस ग्रीस द्यावे, बोल्ट आवळावे, शॉक ॲब्सॉर्बर दाबून पाहावा आणि चालकाच्या वजनाप्रमाणे मूठ लावून घ्यावी, असा नियम घालून घेतल्यास ह्या कामास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार नाही. ट्रॅक्टरचा झिजलेला भाग बाजारात मिळतो. माणसाच्या कण्याचा भाग बाजारात मिळत नाही, म्हणून त्याची काळजी आधीच घेतलेली बरी.